पूर्ण मापाचं पिस्तूल आणि लोरेटाचा हात

...आणि हात मोजला हो त्यानं तिचा! हात! टेप लावून! चांगला उताणा धरून, तळव्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, श्वास रोखून... आणि कुठे? हार्लनच्या बंदुकांच्या दुकानात, भर शनिवारी, अर्ध्या गावासमोर! आणि मी कुठे होते? मी तिथेच! काडतुसांच्या खोक्यांपाशी, त्याचंच जाकीट हातावर घेऊन उभी!

तुम्हाला सांगते, लग्नाला एवढी वर्षं झाली, या क्लेटननं माझ्या हाताचं माप कधी काढलं नाही. ही अंगठी बघा. नाही, जवळून बघा. आतून दोरा गुंडाळलाय. का? तर लग्नाच्या वेळी 'साधारण अंदाजानं' आणली म्हणून! पाद्रीबाबा म्हणाले, "आता अंगठी घाल," यानं घातली, मी हात खाली केला आणि अंगठी टणटण करत वेदीच्या पायऱ्या उतरून गेली. अख्खं चर्च खाली वाकून शोधतंय! माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्या पाहुण्यांच्या पाठी आहेत, पाठी!

बरं, मोजायचा कंटाळा आहे म्हणावं तर तसंही नाही. आयुष्यभर शाळेची बस चालवली, पण कमरेला टेप कायम. निवृत्त झाल्यावर तर काय, सुतारकामाचं वेडच. माझ्या स्वयंपाकघरात त्यानं स्वतः मोजून केलेला खण आहे. उघडतो छान. बंद होत नाही. मी येताजाता त्याला ढुंगणानं ढकलते. विचारलं तर म्हणतो, "बर्नी, लाकूड फुगलंय." कुठलं लाकूड इतकी वर्षं फुगतं हो? तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मत्सराला डोळे असते तर काय हवं होतं!

हो, मत्सर. कबूल करते. लपवून काय करायचंय?

तर ही लोरेटा. आमच्या शेजारची. तिचा ओटिस गेला मागच्या वर्षी, बिचारा चांगला माणूस होता, त्याचा जीव आमच्या नेमबाजीच्या क्लबात. लोरेटा चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, स्वभावानं गरीब, वाईट बोलायला जागा ठेवत नाही, हीच तर अडचण आहे! एक दिवस कुंपणाशी येऊन म्हणाली, "क्लेटन, ओटिस जायचा तिथे जावंसं वाटतंय रे. घरात करमत नाही. पण मला पिस्तुलातलं काही कळत नाही, जरा निवडून देशील?"

झालं! अहो, हा माणूस पडदे घ्यायला गेलो तर गाडीतून उतरत नाही. "तुला आवडेल ते घे, बर्नी." इंजिन चालू! आणि लोरेटाच्या पिस्तुलासाठी? तीन शनिवार! तीन! "घाई करू नकोस, लोरेटा. पिस्तूल म्हणजे काय पाव आहे, गेलं आणि उचलला? हे धरून बघ. आता हे. खांदे सैल सोड. हातात कसं वाटतंय?" हातात कसं वाटतंय! आवाज तर असा, जसं तापलेल्या लेकराला औषध पाजतोय. मला एवढ्या वर्षांत एकदा विचारलं का, बर्नाडीन, हातात कसं वाटतंय? भांडी घासताना? बर्फ उपसताना?

आणि शेवटी तो टेप काढला. मोजलं. आणि मोठ्या तज्ज्ञासारखं जाहीर केलं, "हार्लन, पूर्ण मापाचं पिस्तूल, सुट्या भागांचं, आणि मूठ लहान!"

लोरेटानं हातात धरलं, जरा थांबली आणि म्हणाली, "छान वाटतंय, क्लेटन."

छान वाटतंय म्हणे!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण ऑक्टोबरात आमच्या क्लबात जोड्यांची स्पर्धा असते. एक पुरुष, एक बाई, शेजारी शेजारी उभं राहायचं, समोर लोखंडी थाळ्यांची रांग, त्याच्या थाळ्या त्यानं पाडायच्या, तिच्या तिनं. ज्या जोडीच्या सगळ्या आधी पडतील तिला बक्षीस हॅम, धुरी दिलेली डुकराची अख्खी तंगडी. सबंध गाव जेवायला येतं. मी काय करते? मी बटाट्याचं सॅलड करते. दरवर्षी. क्लेटन उतरायचा त्याच्या बहिणीबरोबर, तिचे गुडघे यंदा गेले. तर एके सकाळी हा बशीतल्या अंड्याकडे बघत म्हणतो, "बर्नी, मी काय म्हणतो, लोरेटाला जोडीदार नाही. मी उतरू का तिच्याबरोबर? तुला तर तसंही ते आवाज आवडत नाहीत."

त्या थाळ्यांसमोर सगळा गाव बघत असताना माझा नवरा दुसऱ्या बाईच्या खांद्याला खांदा लावून उभा! आणि मी? सॅलडमध्ये चमचा फिरवतेय! मी म्हटलं, "कोण म्हणतं आवडत नाहीत? मी उतरणार आहे."

"तू?"

"मी."

"कशानं?"

हा प्रश्न मात्र खरा होता. माझ्याकडे होतं काय? माझ्या आत्याचं जुनं रिव्हॉल्व्हर, तेही पाहुणे आले की बघायला काढायचं.

मग गेले मी हार्लनकडे. एकटी. मुद्दाम क्लेटन डॉक्टरकडे गेलेला बघून. हार्लन मला लहानपणापासून ओळखतो, त्याचीही बायको गेली, दुकानातच दिवस काढतो बिचारा. त्यानं मला बघितलं आणि लगेच एक पिटुकलं, गुलाबी मुठीचं पिस्तूल काचेवर ठेवलं. "बायका हेच नेतात, बर्नी."

मी म्हटलं, "हार्लन, मी वाढदिवसाचा केक घ्यायला आलेय का? लोरेटानं नेलं तेच दे."

"ते मोठं आहे गं."

"मग मी काय लहान आहे?"

त्यानं निमूट काढलं. आधी रिकामं आहे हे स्वतः बघितलं, मग मला दाखवलं, मग मी बघितलं, मग त्याला परत दाखवलं. आमच्याकडची रीतच आहे ती. घरातल्या माणसाची तब्येतसुद्धा आम्ही इतक्यांदा बघत नाही. आणि मग हार्लन समजावायला लागला. म्हणाला, "मोठं घेतेस ते एका परीनं बरंच. वजन असलं की झटका कमी बसतो. आणि या जातीला मागे घोडा नसतो, बघ. तो आपला जुन्या पिस्तुलांना असतो, मागे खेचला की सगळ्यांना कळतं, आता उडणार. इथे सगळं आत. हा वरचा भाग मागे ओढून सोडला की आत स्प्रिंग ताणून बसते. बाहेरून काही दिसत नाही! अगदी शांत. चापावर बोट पडायचाच अवकाश."

अहो, मी त्या पिस्तुलाकडे बघतच राहिले. म्हटलं, ही तर मीच! सकाळी अंडं तळते, डबा भरते, कुंपणावरून लोरेटाला हात हलवते, "कशी आहेस गं?"... बाहेरून काही दिसत नाही!

"आणि पुढची गंमत बघ," हार्लन म्हणाला. त्यानं ते सगळं सुटं केलं. मूठ म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं कवच. आतून काढला हा एवढासा पोलादी सांगाडा, त्यात चाप बिप सगळं, आणि वर कोरलेला नंबर. "कायद्यानं पिस्तूल म्हणजे फक्त हे. बाकी मूठ, नळी, वरचा भाग, सगळं बदल, कुणाचं कुणाला लाव, कायद्याला काही देणंघेणं नाही."

तुम्हाला सांगते, माझंही तसंच झालं होतं ना! कायद्यानं नवरा माझाच. लग्नाचा दाखला भिंतीवर टांगलाय, नंबरासकट. पण बाकीचं? शनिवार शेजारी! शांतपणा शेजारी! टेप शेजारी! मला मिळाला तो नंबर कोरलेला सांगाडा!

"मूठ कुठली देऊ?" हार्लन म्हणाला. "लहान, मध्यम, मोठी. हात दे, मोजतो."

मी हात मागे घेतला. पाठीमागे! लहान मुलीसारखा! म्हटलं, "हात मोजायचा नाही. माझा हात मोजायचा मान एकाच माणसाला आहे आणि त्याला तो नकोय."

हार्लन छताकडे बघत म्हणाला, "बरं बाई."

"लोरेटाला लहान दिलीस ना? मग मला मोठी."

"असं नसतं ते, बर्नी."

"मोठी!"

त्यानं मोठी मूठ चढवून हातात दिलं. काय सांगू, दुधाचा डबा धरल्यासारखं! हार्लन वाकून बघतो. "तुझं बोट चापापर्यंत पोचत नाहीये."

"पोचतंय."

"नख पोचतंय."

"नख माझंच आहे ना? बांध!"

क्लेटनला दाखवलं तर त्याचे डोळे एवढे मोठे झाले. पण खूश! खरंच खूश झाला हो, त्याचं मला आणखीनच वाईट वाटलं. "अगं, मला सांगायचंस तरी! मी आलो असतो. हातात कसं वाटतंय?"

आला एकदाचा तो प्रश्न! इतकी वर्षं वाट बघितली, आणि आला तेव्हा मला खोटं बोलावं लागलं. "छान वाटतंय!"

मग सुरू झाला सराव. देवा रे देवा! माझ्या गोळ्या सगळ्या डावीकडे. थाळ्या तिथे उभ्या, ऐटीत, आणि डावीकडच्या मातीच्या बांधाला मात्र चाळण! क्लेटन म्हणतो, "चाप हळू दाब, बर्नी." हळू काय हळू, बोट पोचतंय कुठे? आणि पलीकडच्या जागेवर लोरेटा. तिच्या गोळ्या सगळ्या उजवीकडे! ती चुकली की क्लेटन लगेच तिकडे. "कोपर बघ, लोरेटा. श्वास सोड. हातात कसं वाटतंय?" आणि ती, "छान वाटतंय रे, माझंच चुकतंय." माझंच चुकतंय म्हणे! मी मनात म्हटलं, चुकतंय कसलं, मुद्दाम चुकतेय! चुकलं की मास्तर जवळ येतो, हे काय मला कळत नाही? मग मीही चुकायचे. मला मुद्दाम चुकायची गरज नव्हती, तेवढं एक बरं होतं.

वरवर मात्र मी तिला म्हणायचे, "होईल गं, लोरेटा, होईल." गोड आवाजात. बाहेरून काही दिसत नाही!

स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी क्लबात माशांचं जेवण होतं. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी जमली साफसफाईच्या टेबलापाशी, आणि आमच्या क्लेटनच्या अंगात आलं. नवीन सभासद होते ना चार, त्यांना शिकवायचं होतं. "सुट्या भागांचं पिस्तूल म्हणजे काय, दाखवतो. बर्नी, तुझं दे. लोरेटा, तुझंही दे." दोन्ही रिकामी केली, सगळ्यांना दाखवली, आणि मग खटाखट, खटाखट, जादूगारासारखं! वरचे भाग इकडे, सांगाडे तिकडे, मुठी मधे. दोन्ही काळी, दोन्ही एकाच जातीची. तोंड चालूच. "बघा मंडळी, पोरखेळ आहे!" आणि परत खटाखट जोडली. आमच्या आमच्या हातात दिली. टाळ्यासुद्धा पडल्या. मी पिस्तूल पिशवीत टाकलं ते रविवारीच काढलं.

रविवारी सगळा गाव. आमच्या सॅलडचं पातेलं टेबलावर, पण त्यात चमचा फिरवायला यंदा माझी वहिनी. आम्ही उभे राहिलो थाळ्यांसमोर. माझ्या डाव्या हाताला क्लेटन, उजवीकडच्या रांगेसमोर लोरेटा आणि तिच्या जोडीला, दुसरा कुणी मिळेना म्हणून, हार्लन. मनात एकच. सगळ्यांसमोर एकही थाळी पडली नाही तर पुढच्या वर्षी हा त्याच बाईबरोबर उभा राहील, आणि मला बोलायला तोंड राहणार नाही.

शिट्टी वाजली. मी पिस्तूल उचललं, आणि... अहो, ते हातात बसलं. बसलं म्हणजे कसं, जुनी चप्पल पायात बसते तसं! बोट आपोआप चापावर. मी दाबलं. टंग! थाळी पडली. मला वाटलं, वाऱ्यानं पडली असेल. दुसरी. टंग! तिसरी, चौथी, टंग, टंग! माझी रांग साफ! लोक ओरडतायत, वहिनी चमचा वर करून नाचतेय, आणि मी वळून बघते तर क्लेटन... पिस्तूल खाली केलेलं, तोंड उघडं, माझ्याकडे बघत उभा! त्याच्या थाळ्या सगळ्या जागच्या जागी!

"क्लेटन, मार!"

"अगं पण, बर्नी, तू..."

"मार रे बाबा!"

तोवर पलीकडून टंग, टंग, टंग! लोरेटाची रांग आडवी, हार्लनची त्याआधीच आडवी. गेली हॅम!

पण खरी गंमत पुढेच. सगळं रिकामं करून टेबलावर ठेवल्यावर हार्लननं सहज लोरेटाचं पिस्तूल उचललं, मुठीत डोळा घालून आतलं मापाचं बारीक अक्षर वाचलं, मग माझं उचललं, ते वाचलं, आणि शांतपणे म्हणाला, "क्लेटन, शुक्रवारी ही दोन्ही कोणी जोडली रे?"

क्लेटन म्हणाला, "मी. का?"

"बर्नीची मोठी मूठ लोरेटाला लावलीस. लोरेटाची लहान बर्नीला."

लोरेटानं आपला हात वर केला, पंजा पसरला. अहो, ती बोटं! ऑर्गनच्या या टोकाच्या पट्टीपासून त्या टोकाला पोचणारी, मेणबत्त्यांसारखी लांब! दर रविवारी मी ती बघत होते, मत्सरानं बघत होते, पण बघत होते. आणि ती हळूच म्हणाली, "क्लेटन, तू माझा तळवा मोजलास रे. बोटं मोजलीच नाहीस."

"मग बोलायचं नाही का?" मीच ओरडले.

"कसं बोलू, बर्नी? बिचाऱ्यानं तीन शनिवार घातले. बरं वाटावं म्हणून छान म्हणत राहिले. आणि तू? तू का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "मीही तशीच... बरं वाटावं म्हणून."

हार्लन म्हणाला, "ऑर्गन वाजवणाऱ्या बाईची बोटं लांब असतात हे कळायला टेप लागतो होय रे?" आणि सगळे जे हसले! क्लेटनचे कान लालबुंद. टेप कमरेचा काढून खिशात.

आणि मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं! इतकं हलकं! म्हणजे या माणसानं तीन शनिवार तिचा हात धरला, चष्मा लावून, श्वास रोखून मोजला, आणि चुकला! तिचंही माप चुकला! माझी अंगठी चुकला, माझा खण चुकला, तिची मूठ चुकला. भेदभाव नाही हो! जगातल्या सगळ्या बायकांच्या बाबतीत सारखाच आंधळा! असल्या माणसापायी मी महिनाभर झोपले नव्हते!

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "बर्नी, तुझा हात एवढा लहान आहे हे मला कधी कळलंच नाही. मला तो कायम मोठाच वाटत आला." आता हे कौतुक होतं की आणखी एक चुकलेलं माप, तुम्हीच ठरवा. मी खिडकीबाहेर बघत अंगठीचा दोरा नीट करत बसले. वळून बघितलं असतं तर रडले असते.

इथे संपायला हवं होतं ना? मलाही तसंच वाटलं.

पण लोरेटा पडली स्वभावानं चांगली. तिनं ती हॅम भाजली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. हार्लनही होता, नवा शर्ट घालून, आणि मी बघत होते, तिला मिठाची बाटली देताना तो तिच्या बोटांकडे बघत होता. टेप न काढता. मनात म्हटलं, चला, लोरेटाचंही मार्गी लागणार. माझा जीव अगदी निवला. मुठी आम्ही तशाच ठेवल्या होत्या, तिची मला, माझी तिला. मी मनापासून म्हटलं, "लोरेटा, तू माझी सख्खी बहीण."

आणि त्याच क्षणी क्लेटननं हॅमचा घास तोंडात घातला. डोळे मिटले. हे असे मिटले! माझ्या सॅलडला इतक्या वर्षांत कधी मिटले नाहीत. आणि म्हणतो, "लोरेटा!... बर्नी, अगं विचार ना हिला, वरून काय लावलंय? साखर किती, लवंगा किती? नीट मोजून विचार!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लोरेटा घाबरून म्हणाली, "बर्नी, तुला राग नाही ना आला?"

मी काटा हळूच ताटात ठेवला, रुमालानं ओठ टिपले, आणि काय गोड हसले म्हणून सांगू! म्हटलं, "छे गं! राग कसला?"

तुम्हीच बघा ना माझ्याकडे. आत्तासुद्धा. दिसतंय काही?

...नाही ना? ही जातच तशी!